रोजकीर्द, खतावणी आणि एक शून्य

"मराठी विभागासाठी लेख दे," असं संपादिकेनं मेसच्या रांगेत सांगितलं, तेव्हा मी आधी हसले. मी बालवर्गापासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये. वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड. आजही कुणी 'एकोणसत्तर' म्हणालं की मला दोन सेकंद लागतात. मी कसला लेख लिहिणार? पण ती सोडेना. "तुझ्या आयुष्यात खरंच घडलेलं काहीतरी लिही," म्हणाली.

आता माझ्या आयुष्यात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट एका कमांडची आहे. तेव्हा मंडळी, आधीच माफी मागून ठेवते. या लेखात पाऊस नाही, कट्टा नाही, पहिलं प्रेम तर नाहीच नाही. एक डेटाबेस आहे, एक फाइल आहे आणि मेस ऑफिसमधले काका आहेत. आणि माझी एक चूक आहे, जी मी हॉस्टेलच्या निम्म्या लोकांना अजून सांगितलेली नाही.

आपल्या मेसचं कुपन सॉफ्टवेअर बाहेरून विकत आणलेलं नाही, हे फर्स्ट इयरच्या पोरांना बहुतेक माहीत नसेल. काही वर्षांपूर्वी आपल्याच सीनियर्सनी ते बीई प्रोजेक्ट म्हणून केलं आणि मागे सोडून गेले. तेव्हापासून कॉम्प्युटर विभागाचा तीन-चार जणांचा ग्रुप ते सांभाळतो. मी एसईला असताना त्यात शिरले. आत पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. बर्कलेच्या विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रोजेक्टमधून आलेला, आणि मुख्य म्हणजे फुकट! आपण जेवायला जाताना कार्ड दाखवतो, 'टिक' आवाज होतो आणि कुपनांच्या टेबलात एक ओळ वाढते. दोन्ही हॉस्टेल मिळून अकराशे जण, दिवसाला तीन कुपनं, वर्षाचे साधारण दोनशे चाळीस दिवस. वर्षाला जवळजवळ आठ लाख ओळी. गेल्या वर्षी त्या टेबलात एकतीस लाख ओळी होत्या. थोडक्यात, आपण खाल्लेल्या प्रत्येक पातळ वरणाची तिथे नोंद आहे.

एकतीस लाख ओळींत हवी ती ओळ शोधायची कशी? त्यासाठी इंडेक्स. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते, तसंच हे. सूची नसेल तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळत बसायचं. डेटाबेसमधली सूची बहुतेक वेळा बी-ट्री या रचनेत असते. बायर आणि मॅक्रेट या दोघांनी बोइंगमध्ये काम करताना ती काढली आणि १९७२ मध्ये त्यांचा पेपर छापून आला. आपल्या टीईच्या व्हायवाला एक्स्टर्नल हमखास विचारतात, म्हणून सांगून ठेवते.

पण सूची फुकट मिळत नाही. टेबलात एक ओळ आली की त्या टेबलावरच्या प्रत्येक इंडेक्समध्ये तिची नोंद करावी लागते. इंडेक्स दोन असतील तर दोनदा, सात असतील तर सातदा. आमच्या सीनियर्सनी उत्साहात जिथे जमेल तिथे इंडेक्स करून ठेवले होते. सगळे मिळून एक्केचाळीस! त्यामुळे दुपारी एकला, सगळे एकदम जेवायला आले की ती 'टिक' रेंगाळायची. नोव्हेंबरमध्ये सरांनी मला काम दिलं, "कुठला इंडेक्स वापरला जातो आणि कुठला नुसताच पडून आहे, ते काढून मला फाइल दे."

हे काढणं अवघड नाही. पोस्टग्रेस स्वतःच मोजत असतो. प्रत्येक इंडेक्सपुढे 'आयडीएक्स स्कॅन' नावाचा आकडा असतो, म्हणजे तो इंडेक्स आजवर किती वेळा उघडला गेला. हा आकडा, इंडेक्सचं नाव, टेबलाचं नाव आणि इंडेक्सनं अडवलेली जागा, असे चार रकाने मागवले की झालं. अडचण पुढे येते. काळ्या स्क्रीनवर आलेलं उत्तर स्क्रीन बंद झाली की गेलं. सरांना हवी फाइल.

मग मी कमांड जुळवली. आपण तोंडानं म्हणतो तशीच इथे लिहिते. पीएसक्यूएल, मग मायनस डी आणि डेटाबेसचं नाव. मायनस सी आणि अवतरणात क्वेरी. मायनस ए, म्हणजे रेघा-चौकटी काढू नकोस. मायनस एफ आणि स्वल्पविराम, म्हणजे रकाने स्वल्पविरामानं तोड. आणि शेवटी मायनस ओ आणि फाइलचं नाव, म्हणजे उत्तर स्क्रीनवर नको, या फाइलमध्ये लिही. एंटर मारलं. स्क्रीनवर काहीच आलं नाही आणि फोल्डरमध्ये फाइल तयार! ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांना यात काय मोठं असं वाटेल, पण मला त्या दिवशी जाम भारी वाटलं होतं.

फक्त फाइलच्या तळाला 'एक्केचाळीस ओळी' असं एक शेपूट येत होतं, ते मला नको होतं. कुणीतरी सांगितलं, मायनस टी लाव. लावलं. शेपूट गेलं, पण त्याबरोबर रकान्यांची नावंही गेली. मी म्हटलं, जाऊ दे, मला माहीत आहेत की!

सरांना कागदावर हवं होतं. लॅबचा प्रिंटर नेहमीप्रमाणे आजारी, म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन मेस ऑफिसमध्ये गेले. तिथे काका.

काकांना आपण सगळे ओळखतो. चष्मा नाकाच्या टोकावर, खिशाला दोन पेनं, आणि टेबलावर पंच, टॅग आणि शिक्का. काकांनी प्रिंट काढून दिली, पण हातात देईनात. "दोन प्रती काढल्यात. एक मला," म्हणाले.

"काका, तुम्हाला काय करायचीय? ते नुसते आकडे आहेत."

"माझ्या प्रिंटरवर निघालेला कागद आहे. फाइलला लागला पाहिजे. आणि हे आकडे कशाचे गं? वर नावच नाही कशाला. उद्या मी हा कागद बघितला तर मला काय समजणार?"

मी वैतागले. पण काकांसमोर वैतागून उपयोग नसतो. त्यांचं पेन घेतलं आणि दोन्ही प्रतींवर चार रकान्यांच्या डोक्यावर हातानं लिहिलं: टेबल, इंडेक्स, किती वेळा वापरला, किती जागा. काकांनी शिक्का मारला, तारीख टाकली, आवक क्रमांक घातला, पंच केला आणि कागद एका जाड फाइलला लावला. फाइलवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'संगणक'. मी बाहेर येऊन मैत्रिणींना या प्रसंगाची नक्कल करून दाखवली. फुल टू हशा!

त्या फाइलवरून सरांनी दोन इंडेक्स काढले, ते सरळ सरळ दुसऱ्या दोघांची नक्कल होते. बाकीचं नंतर बघू म्हणाले.

जानेवारीत एका रात्री वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती, ते त्या रात्री कळलं. सर्व्हर धाडकन बंद पडला. सकाळी वीज आली, सर्व्हर चालू झाला, नाश्त्याला 'टिक' वाजली, सगळे विसरले. मीही विसरले.

फेब्रुवारीत मी पुन्हा तीच कमांड चालवली. वर जाणारा बाण दाबला की जुनी कमांड येते ना, तसंच. तेच फाइलचं नाव. मायनस ओ दिलेल्या नावाची फाइल आधीच असेल तर काही विचारत नाही, जुनी पुसून नवी लिहितो. नोव्हेंबरची फाइल अशी गेली आणि मला कळलंही नाही. कळलं असतं तरी वाईट वाटलं नसतं. जुन्या आकड्यांचं काय लोणचं घालायचंय?

नव्या फाइलमध्ये कुपनांच्या टेबलावरचा एक इंडेक्स माझ्याकडे बघत होता. विद्यार्थ्याच्या नंबरावरचा. जागा चौसष्ट एमबी. किती वेळा वापरला? शून्य.

मी सरांना मेसेज केला, "सर, एक अनयूज्ड इंडेक्स सापडला, काढू?" सर बाहेरगावी परीक्षेच्या ड्यूटीवर होते. त्यांनी उत्तर दिलं, "नीट खात्री करून घे." मी फाइल पुन्हा उघडली, शून्य पुन्हा बघितलं आणि मला वाटलं की खात्री झाली. काढून टाकला. दुपारची 'टिक' मला जरा चपळ वाटायला लागली. खरंच झाली होती की मला तसं ऐकायचं होतं, कोण जाणे.

मग मे महिना. बीईचे पेपर संपले आणि नो ड्यूजची रांग लागली. मेसचं डिपॉझिट परत मिळायला प्रत्येकाचा चार वर्षांचा हिशोब बघावा लागतो. काका नंबर टाकतात, पान उघडतं, बाकी दिसते, सही, शिक्का, पुढचा. दरवर्षी एका मुलामागे फार तर अर्धा मिनिट.

त्या दिवशी पान उघडेना. काकांनी नंबर टाकला, पांढरी स्क्रीन. थांबले. पुन्हा टाकला. दोन मिनिटांनी कधी पान यायचं, कधी एरर. हिशोब लवकर व्हावा म्हणून आणखी तीन कॉम्प्युटर लावले, तर चारही लटकले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दोनशे साठ जणांची रांग, कुणाची गाडी चारची, कुणाची सहाची, कुणाचे आईवडील सामान भरून गेटवर जीप घेऊन उभे. एका पालकांचा आवाज चढला, "यांना कॉम्प्युटर येत नसेल तर बसवता कशाला इथे? रिटायर करा!" काकांना रिटायर व्हायला एकच महिना उरला होता. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, महिन्याच्या बिलांच्या प्रिंट लावलेल्या फाइली काढल्या आणि कॅल्क्युलेटरवर एकेकाचा हिशोब करायला बसले.

सर धावत आले. आमचा ग्रुप उभा होता. "कुणी काही बदललंय का?" त्यांनी विचारलं. फेब्रुवारीचा मेसेज त्यांच्या लक्षात नव्हता, आणि का असावा? मी म्हणाले, "नाही सर."

त्या क्षणी मी खोटं बोलले का? खूप दिवस मी स्वतःला सांगत होते की नाही. शून्य वेळा वापरलेल्या इंडेक्सचा याच्याशी काय संबंध? पण खरं सांगते, 'नाही सर' म्हणताना माझ्या पोटात गोळा आला होता. पोटाला माहीत होतं.

संध्याकाळी आठपर्यंत काकांनी शंभराच्या वर हिशोब हातानं केले. माझ्या विंगमधल्या एका ताईचा नंबर पावणेआठला लागला. तिची एसटी सातची होती. गादी, बादली, सगळं आदल्या दिवशीच घरी पाठवलेलं. रात्रभर ती नुसत्या लोखंडी खाटेवर झोपली. मी तिला माझी चादर नेऊन दिली आणि काही न बोलता परत आले.

मग लॅबमध्ये गेले. नो ड्यूजच्या पानामागची क्वेरी काढली आणि तिच्यापुढे एक्स्प्लेन अॅनलाइझ लावून चालवली. पोस्टग्रेस उत्तर कसं शोधतो, ते हा सांगतो. पहिल्याच ओळीच्या आसपास लिहिलं होतं: सीक्वेन्शियल स्कॅन. म्हणजे एका मुलाचा एका महिन्याचा हिशोब काढायला पूर्ण एकतीस लाख ओळी चाळल्या जात होत्या. वेळ दीड सेकंद. आणि सीनियर्सनी ते पान असं लिहिलं होतं की प्रत्येक महिन्याला वेगळी क्वेरी. चार वर्षांचे चाळीस महिने, चाळीस वेळा दीड सेकंद. एका मुलामागे एक मिनिट, चार खिडक्या एकदम चालू केल्या की वाटच लागली. तारखेवर इंडेक्स होता, पण क्वेरीत तारखेवर आधी फंक्शन चालवून महिना काढला होता, त्यामुळे तो कामाचा नव्हता. कामाचा होता फक्त विद्यार्थ्याच्या नंबरावरचा. मी काढून टाकलेला.

मी तो परत तयार केला. क्रिएट इंडेक्स कन्करंटली, म्हणजे तयार होत असताना टेबलात लिहिणं थांबत नाही. पाच मिनिटंही लागली नाहीत. पान उघडून बघितलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत हिशोब हजर.

दुसऱ्या दिवशी उरलेली रांग अकरापर्यंत संपली. आणि मग जे झालं ते त्या शून्यापेक्षा वाईट होतं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं! रात्रभर बसून हिनं प्रॉब्लेम सोडवला म्हणून. सरांनी वर्गात नाव घेतलं. काकांनी दुपारी ऑफिसमध्ये बोलावून पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "घे पोरी. काल माझी अब्रू जात होती, तुझ्यामुळे राहिली."

तो पेढा माझ्या घशाखाली उतरेना.

मी म्हटलं, "काका, नोव्हेंबरमध्ये मी एक कागद दिला होता. आहे का?"

त्यांनी विचारलंही नाही की कशाला. उठले, 'संगणक' फाइल काढली, टॅग सोडवला. अर्ध्या मिनिटात कागद माझ्या हातात. माझ्याच अक्षरातले मथळे. कुपनांचं टेबल, विद्यार्थी नंबराचा इंडेक्स, किती वेळा वापरला: १०,८४०.

शून्य नाही. दहा हजार आठशे चाळीस.

उभ्या उभ्या मी भागाकार केला. चाळीसनं भागलं तर २७१. म्हणजे त्याआधीच्या मे महिन्यात ते पान २७१ वेळा उघडलं होतं. सर्व्हर त्या एप्रिलमध्ये बदलला होता, मोजणी तिथूनच सुरू. बीईचे अडीचशेच्या वर विद्यार्थी, काहींचं पान दोनदा उघडलं असणार. हिशोब तंतोतंत जुळत होता. बाकी वर्षभर त्या इंडेक्सला कुणी हात लावत नाही. मे महिन्यात आठ दिवस तोच सगळं ओझं उचलतो.

मग फेब्रुवारीत शून्य कुठून आलं? ते नंतर लॉगमध्ये सापडलं. जानेवारीच्या त्या सकाळी सर्व्हरनं स्वतःच लिहून ठेवलं होतं की मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं, आता दुरुस्ती चालू आहे. अशी दुरुस्ती करावी लागली की पोस्टग्रेस ओळी सगळ्या वाचवतो, पण वापराची मोजणी टाकून देतो आणि शून्यापासून सुरू करतो. नीट बंद करून चालू केला तर मोजणी टिकते. धाडकन पडला तर जाते. हे त्याच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. माझ्या फाइलमधलं शून्य खोटं नव्हतं. फक्त ते 'कधीच नाही' असं म्हणत नव्हतं, 'जानेवारीपासून नाही' असं म्हणत होतं. आणि जानेवारी हा शब्द माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हता.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी फक्त काकांना सांगितलं. सगळं. शून्य, चौसष्ट एमबी, 'नाही सर', आणि लोखंडी खाट.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कपाटातून दोन जुन्या वह्या काढल्या, लाल कापडी पाठीच्या. "कॉम्प्युटर यायच्या आधी या चालायच्या. ही रोजकीर्द. आज कोण जेवलं, किती पैसे आले, सगळं तारखेप्रमाणे. आणि ही खतावणी. यात प्रत्येकाचं वेगळं पान, त्याच्या नावावर काय ते. रोजकीर्द रोज उघडायची. खतावणी वर्षाच्या शेवटी, हिशोब चुकता करताना. म्हणून धूळ बसली की खतावणी रद्दीत घालायची का गं?"

मी रडले. काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "मला सांगितलंस, बरं केलंस. पण मला नुसती बोलणी बसली. गाडी ज्यांची चुकली त्यांना सांग. आणि सरांना सांग."

सरांना सांगितलं. ते रागावले. इंडेक्स काढल्याबद्दल कमी, 'नाही सर'बद्दल जास्त. "चूक लपवलेला इंजिनियर मला नको," एवढंच म्हणाले आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग नवव्या दिवशी बोलावून म्हणाले, "आता हे पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था तूच लाव."

ती व्यवस्था अशी आहे. कुणाला लागली तर उपयोगी पडेल म्हणून सांगते.

दर रविवारी रात्री क्रॉन ती कमांड आपोआप चालवतो. फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख असते, त्यामुळे एक फाइल दुसरीला पुसत नाही. पहिले दोन रविवार फाइलच आली नाही! कारण क्रॉनच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे. ते दिसलं की क्रॉन कमांड तिथेच तोडतो. तारीख काढायला टक्का लागतोच, तेव्हा त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. पासवर्ड कमांडमध्ये लिहायचा नाही. त्याची वेगळी फाइल असते आणि ती मालकाशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी ठेवावी लागते, नाहीतर पीएसक्यूएल तिच्याकडे बघतच नाही. मायनस टी आता वापरत नाही. मथळे राहतात, फक्त शेपूट बंद करायची वेगळी सोय आहे. २०१९ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून तर डॅश डॅश सीएसव्ही एवढं म्हटलं की पुरतं, आमची तेव्हाची आवृत्ती अकरावी होती. आणखी एक. नुसती 'कॉपी' ही आज्ञा सर्व्हरच्या मशीनवर फाइल लिहिते आणि त्यासाठी खास परवानगी लागते. आधी उलटी रेघ लावलेली 'कॉपी' आपण बसलोय त्या मशीनवर लिहिते. या एका रेघेपायी आमच्या ग्रुपचा एक अख्खा शनिवार गेला आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत दोन वेळा असतात: फाइल कधी काढली आणि सर्व्हर कधीपासून चालू आहे. दुसरी वेळ बदललेली दिसली की आधी लॉग बघायचा, मग आकडे. आणि इंडेक्स युनिक आहे का, याचाही एक रकाना आहे. कारण प्रायमरी कीचा इंडेक्स शोधासाठी शून्य वेळा वापरला गेला तरी दोन सारख्या ओळी आत येऊ न देण्याचं काम तो करतच असतो. पूर्ण शैक्षणिक वर्षाच्या फाइली बघितल्याशिवाय एकही इंडेक्स काढायचा नाही, हा आता ग्रुपचा नियम आहे. एक फाइल चार केबीची. वर्षाच्या बावन्न मिळून जुन्या काळच्या एका फ्लॉपीवरही आरामात मावतील. २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस इंडेक्स शेवटचा कधी वापरला तेही सांगतो. पण सर्व्हर धाडकन पडला तर ती तारीखही पुसली जाते. त्यामुळे फाइल हवीच. आणि हो, यूपीएसला नवी बॅटरी आली आहे.

गाडी चुकलेल्यांना सांगणं मात्र क्रॉनला जमण्यासारखं नव्हतं. काका म्हणाले, "नोटीस लाव." मी इंग्रजीत झकास परिच्छेद लिहून नेला. त्यात 'इनकन्व्हीनियन्स' होतं, 'रिग्रेट' होतं. काकांनी वाचला आणि परत दिला. "यात तू कुठे आहेस? मराठीत लिही." तीन वेळा लिहिली. शेवटी एवढीच राहिली: 'नो ड्यूजच्या दिवशी झालेला उशीर काकांमुळे झाला नाही. माझ्या चुकीमुळे झाला.' खाली नाव, वर्ग, तारीख. माझ्या कुठल्याच इंग्रजी निबंधात इतकं सरळ वाक्य मी लिहिलेलं नाही. पण मेच्या अखेरीस लावलेली नोटीस वाचायला हॉस्टेलमध्ये होतं कोण! म्हणून हा लेख. ज्या ताईची एसटी चुकली तिला वेगळा मेसेज केला. दोन निळ्या टिका आल्या आणि दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "खाट फार कडक होती गं." आणखी काही नाही. तिनं माफ केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

३० जूनला काका रिटायर झाले. निरोप समारंभाला मला बोलावून त्यांनी 'संगणक' फाइल माझ्या हातात दिली. पंच आणि शिक्काही. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्या आठवड्याच्या फाइलची प्रिंट काढते, तारीख टाकते आणि टॅगला लावते. मैत्रिणी नक्कल करून दाखवतात. फुल टू हशा!

मधूनमधून काकांचा फोन येतो. अभ्यास, तब्येत, मेसमधली भाजी सुधारली का, सगळं विचारून होतं. आणि फोन ठेवता ठेवता हमखास एक प्रश्न, "या महिन्याचा कागद लावलास ना गं? आवक क्रमांक टाकलास?"

टाकलाय काका.